माणदेशाचं माळवद, जावळीचा पाऊस

“बाई, तुमी माणदेशातनं आला, आन् येताना माळवद डोक्यावर घिऊन आला.”

अण्णा असं म्हणाले तेव्हा आम्ही दोघं गच्चीवर उभे होतो. ऑगस्टचा पहिला आठवडा. चार दिवसांच्या झडीनंतर तासाभराची उघडीप मिळालेली. केळघरच्या बाजूचे डोंगर ढगात होते आणि खाली वेण्णा तांबडी झाली होती. गच्चीच्या नैऋत्य कोपऱ्यात घोटाभर पाणी साचलेलं, आणि बरोबर त्याच्याखाली अण्णांची बैठकीची खोली. तिथे दोन बादल्या, एक पातेलं आणि दिवाणावर अंथरलेलं प्लास्टिक.

मी सोसायटीची सचिव. इमारत सोळा घरांची, तळमजला आणि वर तीन मजले, ताबा 2008 सालचा. अण्णा तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. एकतीस वर्षं त्यांनी मुंबईत माथाडीचं काम केलं, आधी मस्जिद बंदर आणि मग वाशी. हातात आलेल्या पैशातून त्यांनी मेढ्यात हे घर घेतलं, कारण गावातलं घर डोंगराच्या पोटात आहे आणि तिथून दवाखाना लांब पडतो. मी दहिवडीकडची. शिक्षिकेची नोकरी मला इकडे घेऊन आली आणि मी इथलीच झाले. आमच्या दोघांतला गच्चीचा वाद गेले तीन पावसाळे चालू आहे.

सातारा जिल्हा एका टोकाला कोरडा आणि दुसऱ्या टोकाला चिंब आहे. माण-खटावात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, महाबळेश्वरात साडेपाच हजारांच्या घरात. मेढा या दोहोंच्या मध्ये असला तरी पावसाच्या बाबतीत त्याची सोयरीक महाबळेश्वराशी. जुनी घरंही त्याच हिशेबाची. आमच्याकडे धाब्याची घरं: भिंतींवर तुळया, तुळयांवर लाकडाची फळकुटं, त्यावर पाला आणि वर वीतभर पांढरी माती. तेच माळवद. अण्णांच्या गावाकडे आढं, वासे आणि दोन्ही बाजूंना उतरती पाखं. आधी गवताची, नंतर मंगलोरी कौलांची. मग सिमेंट आलं आणि जिल्ह्याच्या दोन्ही टोकांना एकच सपाट स्लॅब पडला. कुणी विचारलं नाही की दहिवडीतलं छप्पर जावळीत चालेल का.

“आमच्या पाख्यावरनं पानी पळायचं,” अण्णा म्हणाले. “हितं ते बसतंय. मांडी घालून बसतंय. चार म्हैनं डोक्यावर पानी बसवायचं आन् मग म्हनायचं, घर गळतंय!”

“सपाट दिसतं, पण सपाट नसतं, अण्णा. कोबा घालताना शंभराला एक असा उतार देतात. दहा मीटर अंतरात दहा सेंटिमीटर. आपल्याकडे बांधणाऱ्यानं तो दिलाही होता. मधे टाकीचा ओटा बांधला, सौर बंब बसवले, डिशचे बोल्ट ठोकले, आणि उतार मोडला.”

“मग कशाला पायजे त्यो कोबा? पत्रा टाका. लोखंडी पायपा उब्या करायच्या, दोन्ही अंगाला उतार, वर रंगीत पत्रा. पानी स्लॅबला शिवलंच न्हाय, तर गळंल कसं? बरं, मी कुनाकडं पैसं मागत न्हाय. माज्या खोल्यांवर मी माज्या खर्चानं टाकतो. तुमी फकस्त सही द्या.”

सगळा तिढा या सहीत आहे. मी ती सही दोनदा नाकारली आहे. वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून नाही म्हणणं सोपं नसतं. खाली कोरड्यात झोपणाऱ्या बाईनं म्हणणं तर नाहीच.

“सही देणार नाही, आणि त्याचं कारण तुम्ही दुसऱ्यांकडून पैसे घेत नाही हेच आहे,” मी म्हणाले. “गच्ची तुमची नाही आणि माझीही नाही. सोळा जणांची आहे. आदर्श उपविधींत सरळ लिहिलंय की पावसाची गळती, छताची, गच्चीची आणि कठड्याची दुरुस्ती सोसायटीनं करायची. इतकंच काय, गच्चीतून पाणी येऊन वरच्या मजल्यावरच्या घराचं छत खराब झालं, गिलावा पडला, तर तोही सोसायटीनंच करून द्यायचा. तुम्ही गेल्या वर्षी स्वतःच्या खिशातून गिलावा केलात. तो खर्च तुमचा नव्हताच.”

“मला कुनाचे उपकार नगं.”

“उपकार कसले? मी तळाच्या पाण्याच्या मोटरीला पैसे देते, ती तुमच्याही घरात पाणी चढवते. त्याला तुम्ही उपकार म्हणता का?”

अण्णा गप्प राहिले. कष्ट करून जगलेल्या माणसाला हक्कही कधी कधी भिकेसारखा वाटतो. हे मी आमच्या गावात दुष्काळाच्या कामांवर पाहिलेलं आहे, त्यामुळे मी तो धागा जास्त ताणला नाही. पत्र्याकडे वळले.

“समजा, तुम्ही तुमच्या खोल्यांवर पत्रा टाकलात. त्याचं पाणी कुठे पडणार?”

“पन्हळ लावू की.”

“पन्हळ भरली की? 22 आणि 23 जुलै 2021 आठवा. महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. तेवढा पाऊस आपल्या 300 चौरस मीटर गच्चीवर पडला असता तर पावणेदोन लाख लिटरच्या वर पाणी झालं असतं. तुमच्या पत्र्यावरचं पाणी तुमच्या वळचणीतून शेजारच्यांच्या डोक्यावर उतरणार. मग ते पत्रा टाकणार. कोपरखैरण्याला तुमचं काय झालं होतं? तुम्हीच सांगितलं होतं मला.”

ते ऐकून अण्णा हसले, पण चेहरा उतरला. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत त्यांचं बैठं घर होतं, रांगेतलं, दोन्ही बाजूंच्या भिंती सामाईक. सगळी घरं एका वेळी बांधलेली, एका उंचीची. मग ज्याच्या हातात पैसा आला त्यानं वर मजला चढवला. शेजाऱ्याचा मजला उठला आणि त्याच्या नव्या भिंतीवरून ओघळणारं पाणी अण्णांच्या जुन्या छताच्या सांध्यात शिरलं. शेजारी म्हणायचा, माझं घर कोरडं आहे. अण्णा म्हणायचे, पाणी तुझ्या भिंतीवरनं येतंय. सहा वर्षं दोघं बोलत नव्हते, भावकीतले असून. शेवटी एका लग्नात कुणीतरी दोघांना समोरासमोर बसवलं. निम्मा-निम्मा खर्च करून सांध्यावर भिंतीत खाचवलेली पत्र्याची पट्टी बसवली, आणि गळती एका दिवसात थांबली.

“सहा वर्सं,” अण्णा म्हणाले. “आन् काम येका दिसाचं.”

“म्हणून मी सही देत नाही.”

“बरं, म्हंजे माज्या येकट्याचा पत्रा न्हाय. मग अख्ख्या गच्चीवर टाका. त्येला काय अडचन?”

हा प्रश्न खरा होता आणि त्याला मी झटकून उत्तर देऊ शकले नाही. वजनाच्या बाबतीत अण्णा बरोबर आहेत. विटांच्या तुकड्यांचा साडेचार इंची कोबा दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर जातो. आमच्या गच्चीवर आजच साठ टनांहून जास्त ओझं आहे. पत्रा आणि खालचे पाइप धरले तरी मीटरला पंधरा-वीस किलो. आणि मेढ्यातल्या बहुतेक गवंड्यांचा पहिला सल्ला असतो, “जुन्यावर नवीन कोबा चढवून टाकू.”

“म्हंजे दर मीटरला अजून दोन क्विंटल,” अण्णा लगेच म्हणाले. “वज्याचा हिशोब मला नका सांगू. पाठ मोडती, स्लॅब बी मोडंल.”

“हे माळवदावरही व्हायचं,” मी म्हणाले. “दर साल पावसाच्या आधी माती टाकायची. आळशी माणूस जुनीवर नवी टाकत जायचा. दहा-पंधरा वर्षांत वीतभराची हातभर व्हायची आणि एखाद्या रात्री तुळई बसायची. आमचे आजोबा आधी फावड्यानं जुना थर खरवडून काढायचे, मग नवी पांढरी टाकायचे, पाणी शिंपून चोपायचे. मला आठवतंय, खाली काढलेल्या मातीचा ढीग आणि वर टाकलेली माती ते डोळ्यानं तोलायचे.”

“मंग तुमी माजीच बाजू घ्यायला लागला.”

“वजनापुरती. वाऱ्याचं काय? 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूनं शिरलं तेव्हा रायगडात आणि मंडणगड-दापोलीत किती घरांचे पत्रे उडाले! पत्रा जड नसतो हाच त्याचा गुण आणि हाच दोष. त्याला धरून ठेवायचं म्हटलं की खाली बोल्ट ठोकायचे, आणि ठोकायचे कुठे? गच्चीतच. ज्या छताला भोक नको म्हणून पत्रा टाकतोय, त्यालाच चाळीस भोकं पाडायची. खांब इमारतीच्या कॉलमवरच उभे करावे लागतील, कठड्यावर नाही. नगरपंचायतीची परवानगी घ्यावी लागेल. दर चार-पाच वर्षांनी बोल्टाखालचे रबरी वायसर बदलावे लागतील. ते कोण बघणार?”

“तुमच्या त्या केमिकलवाल्यापेक्षा बरं,” अण्णा म्हणाले.

ते मला लागायचंच होतं. काही वर्षांपूर्वी, मी सचिव व्हायच्या आधी, आम्ही एका ठेकेदाराकडून गच्चीला रासायनिक लेप मारून घेतला होता. मे महिन्याच्या शेवटी, घाईत. दहा वर्षांची हमी त्याच्या लेटरहेडवर. दोन पावसाळ्यांत लेप पापुद्र्यासारखा सुटला आणि त्याचा फोन लागेनासा झाला. चूक त्याची होती, पण आमचीही होती. लेप कोरड्या आणि स्वच्छ पृष्ठभागालाच धरतो. वळवाचे दोन पाऊस पडून गेलेल्या, आतून ओल्या कोब्यावर तो मारायला आम्हीच सांगितलं होतं, कारण मृग तोंडावर आला होता.

“घाई झाली, कारण पैसे नव्हते,” मी म्हणाले. “आणि पैसे नव्हते, कारण आपण कधी जमा केलेच नाहीत. हिशेब ऐका. उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधीला घराच्या बांधकामखर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडाला किमान पाव टक्का दरसाल द्यायचा असतो. जमिनीची किंमत सोडून. आपल्या घराचा बांधकामखर्च सहा लाख धरा. टक्क्याचे सहा हजार झाले. महिन्याला पाचशे. सोळा घरांचे वर्षाला 96 हजार. सोळा वर्षांचे 15 लाख 36 हजार, व्याज वेगळं. आज बँकेत किती आहेत?”

“किती?”

“एकेचाळीस हजार.”

अण्णा कठड्याला टेकले. मीही टेकले. मी सहा वर्षं सचिव आहे आणि या सहा वर्षांत एकदाही हा आकडा सभेपुढे ठेवला नव्हता. दोनशे रुपये वाढवायचे म्हटलं की आवाज चढतात, म्हणून मी वीजबिल आणि झाडूवाल्याचा पगार एवढंच मागत राहिले. शाळेत पोरांना बचतीचे धडे शिकवले, आणि इथे ते करायला धजले नाही. त्याची किंमत अण्णांच्या घरात वहिनी बादल्या उपसून मोजत होत्या.

“पन बाई,” अण्णा जरा थांबून म्हणाले, “ह्ये टक्क्यांचं लोकांना पटायचं न्हाय. खालचा म्हनंल, माज्या डोक्यावर तीन घरं हायत, मला छप्पर कशाला? मुंबईवाला म्हनंल, मी तिथं ऱ्हातच न्हाय.”

सोळांपैकी सात घरं बंद असतात. त्यांचे मालक घणसोली, कोपरखैरणे, कामोठे असे पसरलेत. जावळीचं घर म्हणजे त्यांच्यासाठी गणपती, यात्रा आणि म्हातारपण. ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. या तालुक्याचा निम्मा संसार मुंबईच्या कमाईवर उभा आहे.

“तुमच्या गावात शाकारणीला काय करायचे?” मी विचारलं.

अण्णांचा आवाजच बदलला. “अक्षय तृतीया झाली की सुरू. गवत आदीच कापून, पेंड्या बांदून ठेवल्याली असायची. पुडं कौलं आली तवा कौलं चाळायची. येक येक उतरवायचं, फुटकं बाजूला, पालापाचोळा झाडायचा, वासा किडला का बगायचं, आन् परत बसवायचं. रोहिणी लागायच्या आदी समदं गाव झालं पायजे. इर्जिक असायचं. आज माज्या घरावर धा जन, उद्या त्येच्या. घरधन्यानं जेवान घालायचं. म्हातारी रांडमुंड बाई आसंल, तिचं घर पैल्यांदा.”

“आणि जो मुंबईला असायचा?”

“त्यो बदली मानूस द्यायचा. न्हायतर भावाकडं पैसं पाठवायचा. घर बंद आसलं तरी शाकारायचंच की. न्हाय शाकारलं तर वासं कुजत्यात, आन् पाखं पडलं की शेजारच्यावर पडतं.”

“मग मी दुसरं काय म्हणतेय, अण्णा? कुणाच्या घरावर कधी पाळी येईल हे न बघता सगळ्यांनी दर साल हात लावायचा. आता तुम्ही कौलावर चढू शकत नाही, मी तर नाहीच. हाताच्या जागी पाचशे रुपये.”

“फरक हाय,” ते ठामपणे म्हणाले. “शाकारनीला मानूस वर चडायचा. त्येला डोळ्यानं दिसायचं. तुमच्या फंडात पैसा बँकेत चडतो, गच्चीवर कुनी चडत न्हाय. तुमी सहा वर्सांत किती येळा वर आला?”

उत्तर सोपं होतं आणि लाजिरवाणं. उन्हाळ्यात वाळवणं, एखादं डिशवाल्याबरोबरचं काम. पाइपांची तोंडं मी त्या दिवशी पहिल्यांदा मोजली. चार. तासाला 100 मिलिमीटर पाऊस धरला तर चार इंची एक पाइप साधारण 40 चौरस मीटर गच्चीचं पाणी उतरवतो. आम्हाला आठ हवेत. चारांपैकी एकाच्या तोंडाशी टाकीचा ओटा आलाय आणि दुसऱ्यात पक्ष्यानं घरटं केलेलं. घोटाभर पाणी तिथेच साचलं होतं. अण्णांनी छत्रीच्या दांड्यानं घरटं ओढून काढलं, रिकामं होतं. पाणी आवाज करत खाली गेलं आणि दहा मिनिटांत कोपरा उघडा पडला.

मी अण्णांच्या घरात उतरले ती हे पाहायला की बादलीतलं ठिबकणं थांबतंय का. थांबलं नाही. वहिनी चहा टाकत होत्या. भिंतीवर कालनिर्णय होतं आणि जुलैच्या पानावर पेन्सिलीच्या खुणा: काही तारखांना एक काडी, काहींना दोन, काहींना गोल.

“ह्ये काय, वहिनी?”

“बादली किती येळा वतली त्येचं हाय,” त्या म्हणाल्या. “काडी म्हंजे भायेरची खोली. गोल म्हंजे आतली, झोपायची.”

मी ते पान उतरवून घेतलं आणि पुढे आठवडाभरानं साताऱ्याहून आलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरांच्या हातात दिलं. इमारत पंधरा वर्षांच्या पुढे गेली की दर पाच वर्षांनी, आणि तिशीनंतर दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्यायची असते. आमची ती पहिलीच. त्यांनी हातोडीनं गच्ची वाजवली, कुठे भरीव, कुठे पोकळ. मग अण्णांच्या घरी बसून त्यांनी ते पान बराच वेळ पाहिलं आणि वहिनींना विचारलं, “गोलाच्या दिवशी वारं होतं का?”

“व्हय तर. पश्चिमेचं. झड आसली की लगेच भिंत भिजती. वारं थांबलं की थांबतं.”

“आणि काड्या?”

“त्या पावसाच्या दुसऱ्या दिशी सुरू. पाऊस उगडला तरी दोन दिस चालूच.”

बाहेरच्या खोलीचं पाणी गच्चीतूनच येत होतं. कोबा स्पंजासारखा भरतो आणि पाऊस थांबल्यावरही झिरपत राहतो, म्हणून घरटं काढूनही ठिबकणं लगेच थांबलं नव्हतं. आतल्या खोलीचं पाणी मात्र गच्चीतून येतच नव्हतं. ते पश्चिमेच्या कठड्यातून आणि भिंतीच्या तड्यांतून झडीबरोबर शिरत होतं. गच्चीवर पत्रा टाकला असता तरी ते आलं असतं. कोबा बदलला असता तरीही आलं असतं. तीन पावसाळे आम्ही दोघं ज्या दोन उपायांवर भांडलो, त्यांतला एकही झोपायच्या खोलीला लागू नव्हता.

अण्णांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. आणि मला वहिनींचा फार अभिमान वाटला. नोटिसा काढणाऱ्या मला जे सुचलं नाही ते त्यांनी एका पेन्सिलीनं केलं होतं.

इंजिनिअरांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती मला महत्त्वाची वाटते. ओल सळईपर्यंत पोचली की ती गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि खालचं दोन सेंटिमीटरचं काँक्रीटचं आवरण फोडून बाहेर येतो. अण्णांच्या छतावर दोन ठिकाणी तांबूस रेघा आल्यात. आणखी दोन-तीन वर्षं आम्ही वाद घालत बसलो असतो तर दुरुस्ती गच्चीची राहिली नसती, स्लॅबची झाली असती. उन्हाचंही त्यांनी समजावलं. वीस मीटर लांबीचा स्लॅब मे महिन्यात दुपारी तापतो आणि पहिल्या वळवानं एकदम निवतो. तीस अंशांच्या फरकाला तो सहा मिलिमीटर हलतो. वरचा कडक गिलावा एवढं हलू शकत नाही, म्हणून तडकतो. इथे कोयनेचा 1967 चा भूकंप अजून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात असतो आणि प्रत्येक तडा लोक त्याच्या नाहीतर पुढच्या धक्क्यांच्या नावावर टाकतात. आमच्या गच्चीवरचे बहुतेक तडे उन्हाचे निघाले.

त्यानंतर आमचा वाद संपला असं नाही, पण त्याचा विषय बदलला. आता आम्ही कधी आणि कोणत्या क्रमानं यावर भांडतो.

“काम दिवाळीनंतर,” मी म्हणते. “डिसेंबर-जानेवारीत गच्ची आतून वाळते. आधी पश्चिमेचा कठडा आणि भिंत. मग ओटा हलवायचा, चार पाइप वाढवायचे. मग जुना कोबा पूर्ण काढायचा, सळईची दुरुस्ती करायची, नवा कोबा घालायचा, कठड्याच्या कडेनं गोल वाटा करायच्या, आणि पाणी तुंबवून तीन दिवस चाचणी घ्यायची. चाचणी पास झाल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही.”

“जुना कोबा काडताना स्लॅबला हादरा बसंल. साठ टन मलबा जिन्यानं उतरवनार का? पोरं आजारी पडत्याल धुरळ्यानं. त्यापरीस भिंत आन् पायपा करा, कोबा हाय तसा ठेवा, वर पत्रा. कोबा आपसूक वाळंल.”

“आणि पत्रा उडाला तर?”

“कॉलमवर बांदा म्हनला न्हव का इंजिनिअर? मंग कसा उडंल?”

इंजिनिअरांनी दोन्ही पर्याय शक्य म्हटलेत. पत्र्यासाठी कॉलमचे माथे उघडून पाहावे लागतील, कोब्यासाठी मलबा टप्प्याटप्प्यानं उतरवावा लागेल. एका तरुण सभासदानं तिसरंच काढलं: 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या सामाईक वापराच्या सौरवीजेला किलोवॅटमागे 18 हजारांचं अनुदान आहे, तर पत्र्यावर पॅनेल बसवू. मी त्याला एवढंच म्हटलं की आधी छप्पर. पॅनेल वीस-पंचवीस वर्षं टिकतात. गळक्या छतावर बसवले तर दुरुस्तीच्या वेळी काढून ठेवायचे कुठे? अण्णांना मात्र ती कल्पना आवडलीय, कारण त्यात त्यांच्या पत्र्याला एक वकील मिळाला.

मला मनातून अजून कोबाच बरा वाटतो. तो नजरेसमोर राहतो, त्यावर चालता येतं, वाळवण घालता येतं, आणि चायना मोझॅकचे पांढरे तुकडे बसवले तर खालची घरं उन्हाळ्यात निवतात. पण हेही कबूल करते की त्यात माझ्या लहानपणाचा वास असेल. उन्हाळ्यात आम्ही सगळी भावंडं माळवदावर झोपायचो. अण्णांच्या पाख्यावर कुणी झोपत नव्हतं. तिथे वळचणीला उभं राहून पागोळ्या बघायच्या. माणूस ज्या छपराखाली वाढतो त्याच्यावर त्याचा विश्वास बसतो. सोळा घरांच्या पैशाचा निर्णय त्या विश्वासावर सोडता येणार नाही, म्हणून दोन्ही प्रस्ताव, दोन्हींचा खर्च आणि इंजिनिअरांचा अहवाल मी सभेपुढे ठेवणार आहे.

सभा गौरी-गणपतीत ठेवलीय. वार्षिक सभा सप्टेंबरअखेर घ्यायचीच असते आणि घणसोली-कामोठ्याची माणसं तेव्हाच गावात असतात. चौदा दिवस पूर्ण राहतील अशी नोटीस लावली. अण्णांनी मात्र नोटिशीवर विश्वास ठेवला नाही. त्यांनी सातही बंद घरांच्या मालकांना फोन केले. मी शेजारी बसले होते.

“आरं, गणपतीला येतोयस न्हवं? सभा हाय. … न्हाय न्हाय, भांडान न्हाय. शाकारनी हाय म्हन. … व्हय, गच्चीची. … तुजं घर बंद हाय म्हनून काय झालं? तुजा बा मुंबईला आसताना तुमचं पाखं कोन शाकारत व्हतं, इचार आयला.”

पलीकडे काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. अण्णांनी फोन ठेवला आणि यादीतल्या त्या नावापुढे खूण केली. मी त्यांना महिना पाचशेच्या ठरावाचा मसुदा वाचून दाखवला. त्यांनी त्यात एक ओळ घालायला लावली: दर वर्षी अक्षय तृतीयेनंतरच्या पहिल्या रविवारी आणि पावसाळ्यात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, पाळीपाळीनं दोन घरांतल्या माणसांनी गच्चीवर जाऊन पाइपांची तोंडं साफ करायची आणि जे दिसेल ते वहीत लिहायचं. बंद घरवाल्यानं बदली माणूस द्यायचा.

“पैली पाळी कुनाची?” त्यांनी विचारलं.

“माझी,” मी म्हणाले. “तुमच्याबरोबर.”

आतून वहिनींनी हाक मारली. महिना संपत आला होता. त्यांनी ऑगस्टचं पान फाडून माझ्या फाइलीसाठी बाजूला ठेवलं, सप्टेंबरचं वर केलं आणि पेन्सिल दोऱ्यानं खिळ्याला बांधली.